इंदूरच्या अंगणातला मटार : पेरणीची घाई आणि तोडणीतला उशीर

अंगणवाफा (इंदूर)

नमस्कार मंडळी,

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरामागे चार फूट रुंद आणि दहा फूट लांब असे वाफे आहेत आणि गेली सहा वर्षे हिवाळ्यात मी त्यांतल्या दोहोंत मटार घेते. इथल्या मालवी बोलीत त्याला बटला म्हणतात. आमच्या घरातही तोच शब्द रुळला आहे. यंदाची शेवटची तोडणी परवा झाली. वेल कापण्याआधी हे सगळे लिहून काढावेसे वाटले, कारण यंदा एकाच हंगामात माझी एक पेरणी साफ फसली आणि दुसरी मनासारखी साधली. दोन्ही वेळी बियाणे एकाच पुड्यातले होते, माती तीच होती आणि खतही तेच होते. बदलली होती ती फक्त तारीख.

सहा वर्षांच्या अनुभवाने माझे असे मत झाले आहे की माळव्यात मटार वाढवणे अवघड नाही, पण तो दोन तारखांना हातचा जातो. पेरण्याची आपण घाई करतो आणि तोडायला उशीर करतो.

पहिली पेरणी मी २४ सप्टेंबरला केली. बाजारात त्या सुमारास मटाराच्या शेंगा दिसू लागतात आणि त्या पाहून आपलाही हात शिवशिवतो. पण तो मटार थंड डोंगराळ मुलखातून आलेला असतो, हे त्या क्षणी ध्यानात राहत नाही. पाऊस नुकताच उघडला होता, काळी माती खाली ओली आणि वर तापलेली होती. अर्केल जातीचे मोजून शंभर दाणे लावले, त्यांतले अडतीस उगवले. उरलेल्यांचे काय झाले ते पाहण्यासाठी दहाव्या दिवशी खुरप्याने माती बाजूला केली, तर दाणे फुगून पिठाळ झाले होते आणि बोटाने दाबताच साल सुटून आतून आंबूस वासाचा लगदा बाहेर येत होता. जी अडतीस रोपे आली, त्यांचीही खालची पाने महिन्याच्या आत पिवळी पडली, जमिनीलगतचा देठ तपकिरी झाला आणि एकेक रोप माना टाकत गेले. त्यांतून अखेर शेंगांपर्यंत पोहोचली ती पाच रोपे.

दुसरी पेरणी ५ नोव्हेंबरला, दिवाळी उलटून गेल्यावर, रात्री पांघरूण लागू लागल्यावर केली. सातव्या दिवशी ओळीच्या ओळी वर आल्या. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिले फूल दिसले, ६ जानेवारीला पहिली तोडणी झाली आणि त्यानंतर आठ-नऊ दिवसांच्या अंतराने आणखी तीन झाल्या. दोन्ही वाफे मिळून साडेसहा किलो शेंगा निघाल्या आणि सोलल्यावर पावणेतीन किलोच्या आसपास दाणे भरले. हा आकडा मुद्दाम देते आहे. मटाराच्या शेंगेत निम्म्याहून अधिक वजन सालीचे असते आणि चौरस मीटरमागे किलोभर शेंगा म्हणजे चांगले पीक. चार कुंड्या लावून घरच्या घरी वर्षाचा साठा होईल अशा अपेक्षेने कोणी सुरुवात केली, तर त्याची निराशा ठरलेली आहे.

लागवडीचा तपशील असा. ओळीत एक फुटाचे अंतर, दाण्यात चार बोटांचे, खोली दीड इंच. दोन वाफ्यांना शंभर ग्रॅम बियाणे पुरून थोडे उरले. बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेले रायझोबियम (मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू) चोळून सावलीत सुकवले आणि त्याच संध्याकाळी पेरले. युरिया अजिबात दिला नाही. मटाराच्या मुळांवर गाठी धरतात आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. वरून नत्र ओतला तर वेल नुसता पानांनी माजतो आणि फुलाला उशीर होतो. गाठी काम करीत आहेत की नाहीत, हे पाहायचे असेल तर फुलोऱ्याच्या आधी एखादे रोप मुळासकट अलगद उचलून गाठ नखाने कापून पाहावी. आतून ती गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. माझ्या रोपाची गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी होती आणि आतून हिरडीसारखी गुलाबी निघाली. तो रंग प्रत्यक्ष पाहिल्यापासून मी मटाराला वरखत द्यायचे सोडले आहे.

आता आपापले अनुभव लिहावेत. विशेषतः पेरणीची तारीख आणि ठिकाण दोन्ही लिहिले तर तुलना करता येईल.

काळी माती (महूजवळ)

ताई, लेख मनापासून आवडला; तारखेबद्दल मात्र थोडे वेगळे सांगतो. आमची शेती महूच्या बाजूला उघड्या माळावर आहे. तिथे मी ऑक्टोबरच्या १५ तारखेच्या पुढेमागे मटार पेरतो आणि तो चांगला येतो. तुमच्या अंगणाला भिंती आहेत, शेजारी सिमेंटचा रस्ता आहे, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. शहरातली रात्र आमच्या रानातल्या रात्रीपेक्षा उशिरा गार होते, म्हणून शहरात पंधरा-वीस दिवस थांबणे योग्यच आहे. मात्र नोव्हेंबरचा मध्य ओलांडू नये. उशिराचा मटार फुलावर येतो तेव्हा भुरी नावाची पांढरी बुरशी वाट पाहत असते आणि फेब्रुवारीच्या उन्हात दाणा भरण्याआधीच शेंग निबर होते.

माझ्या मते तुमची पहिली पेरणी उष्णतेइतकीच पाण्याने गेली. काळ्या मातीत बी टोकून वरून पाणी देण्याची सवय मोडली पाहिजे. वरून पाणी दिले की ही माती आवळते, वर खपली धरते, आत हवा राहत नाही आणि बी कुजते. आधी वाफा भरपूर ओलवावा, चार-पाच दिवसांनी वापसा आला की, म्हणजे मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि टिचकीने फुटावा अशी स्थिती आली की, पेरावे, आणि कोंब वर येईपर्यंत पाण्याला हात लावू नये. पुढेही दोनच वेळा पाणी चुकवून चालत नाही : फुले लागताना आणि शेंगा भरताना. एरवी दहा-बारा दिवसांनी पुरते. आपल्याकडे नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात म्हणून वाफ्यालाही एक दिवसाआड पाणी देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या मटाराची पाने पिवळी असतात आणि ते त्यावर आणखी पाणी घालतात.

वाफा वीतभर उंच करावा आणि कंपोस्ट सढळ हाताने मिसळावे. कंपोस्टच्या बाबतीत इंदूरकरांना दुसरीकडे पाहण्याची गरज नाही. आज जिथे आपले कृषी महाविद्यालय आहे, तिथे १९२४ मध्ये वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथे काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते मधूनमधून उलथून, तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती पुस्तकरूपाने मांडली आणि जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. वाडांचे नाव आपल्याच लोकांत फारसे घेतले जात नाही, याचे मला वाईट वाटते. घरचा ओला कचरा आणि वाळलेली पाने यांवर हीच रीत लहान प्रमाणात चालते. शेणाऐवजी जुने कंपोस्ट विरजणासारखे घालावे.

गच्चीबाग (इंदूर)

ताई, काका, नमस्कार. मी सुदामा नगरात राहते आणि गच्चीवर बारा इंच खोलीच्या सहा टबांत पहिल्यांदाच मटार लावला आहे. माझे तीन प्रश्न आहेत.

पहिला, खालच्या पानांवर पांढरी भुकटी पसरली आहे. ती पुसली तर निघते आणि दोन दिवसांनी परत येते. दुसरा, शेंगा दिसायला टपोऱ्या होत्या म्हणून आणखी भराव्यात या आशेने आठवडाभर ठेवल्या, तर शिजवल्यावर दाणे पिठूळ लागले आणि गोडी अगदीच गेली. मग तोडायच्या तरी केव्हा? तिसरा, बियाणे ज्या दुकानातून घेतले तिथे अर्केल म्हणून दिले, पण वेल माझ्या छातीपर्यंत वाढला आहे. असे होते का?

अंगणवाफा (इंदूर)

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : तो अर्केल नाही. अर्केल दीड-दोन फुटांवर थांबतो. दाणा पाहूनही थोडी पारख होते, कारण अर्केलचा सुका दाणा सुरकुतलेला असतो. पुढच्या वेळी पुडा उघडून दाणे हातावर घेऊन पाहावेत आणि पुड्यावरची चाचणीची तारीखही वाचावी. उंच वाढणारा असेल तर आता त्याला आधार द्या. मी तुरीच्या काड्या वापरते. कोणाकडे कपाशीची पऱ्हाटी असेल तर ती त्याहून चांगली, कारण तिला फांद्या असतात आणि मटाराच्या ताणव्यांना बारीक काडी पकडायला आवडते. जाड बांबूवरून ते घसरतात.

तोडणीचा प्रश्न मात्र सविस्तर लिहिण्यासारखा आहे. फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी शेंग तोडायला येते आणि योग्य अवस्थेत ती जेमतेम चार-पाच दिवस राहते. ती अवस्था डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. शेंग चिमटीत धरून दाबली तर ती भरलेली लागावी, पण किंचित लवावी. साल तुकतुकीत, गर्द हिरवी आणि गार असावी. सालीची चकाकी गेली, रंग फिकट झाला, शिरांची जाळी उठून दिसू लागली की उशीर झाला असे समजावे. एक शेंग उकलून पाहावी : दाणे एकमेकांना नुसते टेकलेले आणि गोल असतील तर ती वेळ बरोबर आहे, एकमेकांवर रेटून ते चौकोनी झाले असतील, तर साखर पिठात बदलू लागली आहे. आपण सगळे जास्त भरण्याच्या लोभाने थांबतो आणि त्या थांबण्यात दाण्याचे वजन वाढते खरे, पण ज्यासाठी मटार घरी लावला ती गोडी निघून जाते.

शेंगा खालून वर तयार होतात, म्हणून तोडणी बुडापासून सुरू करावी. एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने देठ तोडावा. एका हाताने ओढल्यास वेल मुळापासून हलतो. मटाराची मुळे इतकी नाजूक असतात की त्या एका झटक्याने पुढच्या दोन तोडण्या कमी भरतात. तयार शेंगा वेलावर राहू दिल्या तर झाड नवी फुले काढणे थांबवते, हेही तोडणी वेळेवर करण्याचे कारण आहे. मी सकाळी दव उतरल्यावर तोडते आणि त्याच दिवशी सोलते. तोडलेल्या शेंगेतही साखर कमी होत जाते आणि उन्हात ठेवलेल्या टोपलीत ते फार वेगाने होते. सकाळच्या शेंगा दुपारी उसळीत आणि त्याच शेंगा तिसऱ्या दिवशी उसळीत, असे दोन्ही करून पाहिल्यास कोणाला वेगळे समजावण्याची गरज उरणार नाही.

उरलेले दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत आणि कोरडे करून गोठवावेत. ही उकळी चुकवली तर दाण्यातली विकरे गोठणातही आपले काम करत राहतात आणि दोन महिन्यांत चव बदलते.

भुरीबद्दल काकांनी लिहावे, अशी विनंती.

काळी माती (महूजवळ)

ती भुकटी म्हणजे भुरीच. तिचा स्वभाव इतर बुरशींहून वेगळा आहे. तिला पानावर पाणी साचलेले लागत नाही. कोरडे दिवस आणि गार, दमट रात्री तिला मानवतात, आणि जानेवारीच्या अखेरीस आपल्याकडे नेमके तसेच हवामान असते. पहिला ठिपका दिसताच खालची दाट पाने काढून हवा खेळती करावी. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण आठवड्यातून एकदा सकाळच्या उन्हात फवारल्यास सुरुवातीची भुरी आटोक्यात राहते. ती शेंड्यापर्यंत गेली असेल तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन फवारावे; मात्र कडक उन्हात फवारू नये, कारण पाने करपतात, आणि तयार शेंगा आधी तोडून घ्याव्यात. वेल निम्म्याहून अधिक पांढरा झाला असेल आणि शेवटची तोडणी जवळ असेल, तर औषधाचा खर्च न करता वेल काढून टाकणे शहाणपणाचे आहे.

विज्ञानवाचक (इंदूर)

सुरकुतलेल्या दाण्याचा उल्लेख झाला म्हणून थोडे लिहितो, कारण ताईंच्या पहिल्या पेरणीचा उलगडाही त्यातच आहे. मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गोल आणि सुरकुतलेला दाणा ही जोडी होती, हे आपण शाळेत शिकलो. त्या सुरकुतीमागचे कारण १९९० मध्ये जनुकाच्या पातळीवर उलगडले. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारे एक विकर निकामी असते. त्यामुळे साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर अर्धवट राहते, दाण्यात साखर अधिक साठते, साखरेमुळे पाणी अधिक शोषले जाते, आणि दाणा सुकला की ते पाणी जाऊन साल चुरगळते. म्हणजे जो दाणा सुकल्यावर कुरूप दिसतो, तोच हिरवा असताना अधिक गोड लागतो.

हीच गोडी जमिनीत त्याला नडते. भिजताना सुरकुतलेल्या दाण्यातून साखर मातीत पाझरते आणि कूज करणाऱ्या बुरशींना ती आयती मिळते. माती उबदार आणि चिकट ओली असेल तर कोंबाआधी बुरशीच पुढे सरते. सप्टेंबरच्या काळ्या मातीत गोड जातीचे बी घालणे यासाठीच टाळावे. ज्यांना लवकर पेरायचेच आहे, त्यांनी गोल दाण्याची जात निवडावी. गोडी कमी मिळेल, पण उगवण चांगली होईल.

‘शब-ए-माळवा’ म्हणून इथल्या रात्रीचे कौतुक केले जाते, त्याचा मटाराशीही संबंध आहे. दिवसा पानांनी तयार केलेली साखर झाड रात्री श्वसनात खर्च करते आणि रात्र गार असेल तर हा खर्च कमी होतो. माळव्याच्या हिवाळ्यातला मटार गोड लागतो, त्याचे एक कारण हे आहे.

ग्वाल्हेरकर

आमच्याकडे अडचण उलट आहे. इथे थंडी लवकर आणि कडक पडते आणि डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पाल्याची, म्हणजे गोठलेल्या दवाची, भीती असते. मटाराची पाने पाला सोसतात, फुले आणि कोवळ्या शेंगा सोसत नाहीत. मागच्या हिवाळ्यात एका रात्रीत वाफ्यावरची सगळी फुले पारदर्शक होऊन दुसऱ्या दिवशी काळी पडली. तेव्हापासून, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या संध्याकाळी मी वाफ्याला हलके पाणी देतो आणि जुन्या धोतराचे पान काड्यांवरून पसरतो. ओली माती दिवसाची ऊब रात्री सावकाश सोडते. पेरणी मी ऑक्टोबरच्या १५ ते २५ तारखांत करतो, म्हणजे पाल्याच्या आधी पहिल्या शेंगा भरून जातात. नोव्हेंबरात पेरल्यास नेमका फुलोराच पाल्यात सापडतो. इंदूरची तारीख इथे चालणार नाही.

गच्चीबाग (इंदूर)

सर्वांचे आभार. कालच्या तोडणीत ताईंनी सांगितल्याप्रमाणे शेंगा चिमटीत दाबून निवडल्या आणि कोवळ्या वाटणाऱ्यासुद्धा धीर करून तोडल्या. मुलांनी सोलता सोलता निम्मे दाणे कच्चेच संपवले. उरलेल्यांच्या सहा कचोऱ्या झाल्या. आणखी एक विचारते : साली फेकवत नाहीत, त्यांचे काय करावे? आणि पुढच्या वर्षासाठी यातूनच बी धरता येईल का?

अंगणवाफा (इंदूर)

कोवळ्या शेंगांच्या सालीची भाजी उत्तम होते, फक्त आतला पापुद्रा काढावा लागतो. सालीची अर्धी फाक हातात घ्यावी, देठाकडचे टोक आतल्या बाजूला मोडावे आणि खाली ओढावे. पारदर्शक पापुद्रा अखंड सुटून येतो आणि हातात मऊ, हिरवी, रसाळ साल उरते. पहिल्या दहा सालींना वेळ लागतो, मग हात बसतो. ती चिरून बटाट्याबरोबर मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतावी. निबर शेंगांच्या साली मात्र कंपोस्टमध्ये घालाव्यात.

बी अवश्य धरावे. मटाराचे फूल उमलण्याआधीच त्याच्या आत परागसिंचन झालेले असते, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी सहसा मिसळ होत नाही. फक्त बी धरायचे वेल पहिल्या तोडणीआधीच ठरवावेत. उरलेल्या, किडक्या शेंगांचे बी धरण्याची चूक मी दोन वर्षे केली आणि झाडे दर वर्षी खुरटत गेली. यंदा सर्वांत निरोगी दिसणाऱ्या बारा वेलांना मी डिसेंबरातच लाल दोरा बांधला होता आणि त्यांची एकही शेंग खाल्लेली नाही. त्या आता वेलावरच वाळत आहेत. शेंग तपकिरी होऊन हलवल्यावर आत दाणे खुळखुळले की काढायच्या, सोलून आठ दिवस सावलीत वाळवायच्या आणि दाण्याला दात लावून तो फुटत नाही याची खात्री करूनच डब्यात भरायच्या. भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच शेंगेवर आलेली असतात, म्हणून पूर्ण वाळलेले बी घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर गोठणकप्प्यात ठेवते. मग राखेत घोळवून फडताळात.

बाकीचे वेल उद्या जमिनीलगत कापणार आहे, उपटणार नाही, म्हणजे गाठींसह मुळे मातीतच कुजतील. वरचा पाला, भुरी नसलेला तेवढाच, कंपोस्टमध्ये जाईल. त्या वाफ्यात फेब्रुवारीच्या अखेरीस भेंडी लावते आणि मटार पुढची दोन वर्षे दुसऱ्या वाफ्यांत फिरवते, कारण मर रोगाची बुरशी मातीत टिकून राहते. काका, पुढच्या १५ ऑक्टोबरला तुमच्याबरोबर मीही एक ओळ गोल दाण्याच्या मटाराची पेरून पाहणार आहे. भिंतीपासून सर्वांत दूरच्या कडेला पेरीन आणि उगवलेली रोपे मोजून इथे लिहीन.